चष्म्याच्या नंबरापलीकडची नेत्रतपासणी

नेत्रतपासणीची सुरुवात बहुधा सहा मीटरवरच्या तक्त्यापासून होते. हर्मान स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचे देवनागरी अक्षरांचे तक्तेही आपल्याकडे वापरले जातात. एकेक डोळा झाकून ओळी वाचायच्या असतात. ‘६/६०’ याचा अर्थ असा, की निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून ओळखता येणारे अक्षर या डोळ्याला सहा मीटरवर आल्यावरच ओळखता येते. न दिसणारे अक्षर काही जण अंदाजाने सांगतात. त्यामुळे चुकीचा नंबर निघण्याचीच शक्यता वाढते.

त्यानंतर चौकटीत भिंगे बदलून नंबर ठरतो आणि अनेकांच्या मते तपासणी तिथेच संपते. वास्तविक डोळ्यांच्या आजारांचा शोध यापुढेच सुरू होतो. स्लिट लॅम्प या तपासणी-यंत्रासमोर हनुवटी टेकवली, की प्रकाशाच्या बारीक पट्टीत पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि डोळ्यातील नैसर्गिक भिंग तपासले जाते व मोतीबिंदूची सुरुवात झाली असल्यास ती दिसते. डोळ्यातील दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर एवढा असतो. तो हवेच्या हलक्या फुंकरीने किंवा डोळा बधिर करून मोजतात. मात्र दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू (डोळ्याच्या नसेला इजा करणारा आजार) होऊ शकतो, आणि तो बहुधा न दुखता आधी कडेची नजर कमी करत असल्याने रुग्णाच्या ते लवकर ध्यानात येत नाही. म्हणून डोळ्याची नस प्रत्यक्ष पाहावी लागते.

त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. ते थोडे चुरचुरतात, परिणाम होण्यास साधारण अर्धा तास लागतो, आणि घाईत असलेला रुग्ण नेमका इथेच उठून जाऊ पाहतो. वस्तुतः शरीरातील रक्तवाहिन्या छेद न घेता थेट पाहता येतात त्या डोळ्याच्या आतील मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, आणि मधुमेहाने तिथे केलेली इजा नजर उत्तम असतानाही आढळू शकते. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच ही तपासणी करून घ्यावी व पुढे साधारणपणे दरवर्षी करावी, असे सांगितले जाते ते यामुळेच.

थेंबांनंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. त्यामुळे गॉगल जवळ ठेवावा, स्वतः गाडी चालवू नये आणि शक्यतो कोणाला तरी सोबत न्यावे. जुना चष्मा आणि चालू औषधांची यादीही बरोबर असावी.