सॅम कुणाच्या गोळीने मेला?

मंडळी, अमेरिकन राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या, 1776 चा जाहीरनामा, जॉर्ज वॉशिंग्टन. पाच मार्कांची टीप. एका बाजूला इंग्लंडचा राजा, दुसऱ्या बाजूला वसाहतवाले. तिथल्या मुलांच्या डोक्यातही थोड्याफार फरकाने हीच टीप असते, फक्त तिला चार जुलैच्या फटाक्यांची जोड असते.

मी कनेक्टिकटमधल्या एका शाळेत सातवी-आठवीला इतिहास शिकवायचे. ही टीप पुसायला मी कागदपत्रं काढायचे नाही, कादंबरी काढायचे. कादंबरी खरी असते म्हणून नव्हे. ती वाचणाऱ्याला बाजू घ्यायला लावते म्हणून. पाठ्यपुस्तक वाचताना तेरा वर्षांचं पोर कुणाचीच बाजू घेत नाही, ते फक्त पान उलटतं. आणि आधी बाजू घेतली असेल, तरच पुढे आलेल्या कागदाने ती हलते.

पहिली कादंबरी ठरलेली असायची, ‘माय ब्रदर सॅम इज डेड’. 1974 साली आलेली, कोलिअर बंधूंनी मिळून लिहिलेली. थोरला जेम्स लेखक, धाकटा क्रिस्टोफर इतिहासाचा प्राध्यापक. गाव आहे कनेक्टिकटमधलंच, रेडिंग. मीकर नावाचं कुटुंब तिथे खानावळ चालवतं. बाप लाइफ मीकर राजाशी बंड नको म्हणणारा. स्वतः तरुणपणी लढाई पाहिलेला, त्यामुळे युद्धाची हौस फिटलेली. थोरला मुलगा सॅम येल कॉलेजात शिकतो. सोळा वर्षांचा. तो एका रात्री गणवेश चढवून घरी येतो आणि बापाची बंदूक पळवून बंडखोरांना जाऊन मिळतो. धाकटा टिम हे सगळं आपल्याला सांगतो, आणि त्याचं धड इकडेही मन लागत नाही, धड तिकडेही.

आता गंमत बघा. म्हणजे गंमत कसली. राजाच्या बाजूचा बाप मरतो तो इंग्रजांच्याच कैद्यांच्या जहाजावर. आणि बंडखोर सॅमला गोळ्या घालतात त्याच्याच बाजूचे लोक. गुरं चोरल्याचा आळ येतो. ती गुरं त्याच्या स्वतःच्या घरची, चोरणारे दुसरेच शिपाई, पण जनरल पुटनमला छावणीत जरब बसवायची असते.

मुलं चिडायची. ‘मिस, हे चीटिंग आहे’, असं स्वच्छ म्हणायची. पहिल्या पानापासून सॅमला नायक धरलेलं आणि शेवटी हे. मला तो राग हवा असायचा. कारण त्यातून जो प्रश्न येतो, तो मी फळ्यावर लिहून कधीच आला नसता: असं खरंच झालं होतं का?

झालं होतं. 1778-79 च्या हिवाळ्यात पुटनमची छावणी रेडिंगलाच होती आणि 1779 च्या फेब्रुवारीत तिथे दोघांना देहदंड दिला गेला, एकाला हेर म्हणून फासावर, दुसऱ्याला पळपुटा म्हणून गोळ्या घालून. त्या टेकडीचं नाव आजही गॅलोज हिल आहे, फासाची टेकडी. सॅम मात्र कल्पित आहे. लेखकांनीच पुस्तकाच्या शेवटी खरं काय आणि रचलेलं काय याचा हिशेब दिलाय. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना असं शेवटचं प्रकरण जोडायचा कायदाच करावा असं मला अधूनमधून वाटतं. असो, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, पण अमेरिकन क्रांतीला भाऊबंदकी म्हणणं तिथल्या लोकांना जड जातं. गोऱ्या वसाहतवाल्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा राजाशी निष्ठावंत होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे. युद्ध संपल्यावर सुमारे 60 हजार लोक घरदार सोडून कॅनडा, इंग्लंड, वेस्ट इंडीज अशा ठिकाणी गेले. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर लुटलं. टीपेत हे बसत नाही.

मग मी दुसरी कादंबरी द्यायचे, एस्थर फोर्ब्सची ‘जॉनी ट्रीमेन’, 1943 ची. बॉस्टनमधला चांदीकाम शिकणारा उमेदवार जॉनी, वितळलेल्या चांदीने त्याचा हात भाजून निकामी होतो आणि तो हळूहळू क्रांतिकारकांच्या कामात ओढला जातो. पुस्तक सुंदर आहे. आदल्याच वर्षी फोर्ब्सबाईंनी लिहिलेलं पॉल रेव्हिअर या बॉस्टनच्याच चांदीकार क्रांतिकारकाचं चरित्र आलं होतं, त्यामुळे गल्लीबोळ, धंदे, भाव, कपडे, सगळं पक्कं. पण या पुस्तकात लढणं योग्यच आहे. कुणाला शंका नाही.

एकच युद्ध, एकच प्रांत म्हणावा इतका जवळचा, आणि दोन पुस्तकांचे सूर इतके वेगळे का? मुलं थोडी चाचपडायची आणि मग कुणीतरी मुखपृष्ठामागचं साल बघायचं. एक पुस्तक दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरात लिहिलेलं, दुसरं व्हिएतनाम युद्धाच्या सावलीतलं. त्या क्षणी कादंबरी मुलांच्या हातात उलटी होते. ती 1775 बद्दल सांगत असतेच, पण 1943 बद्दल, 1974 बद्दलही साक्ष देत असते. कॉलेजात हे शिकवायला सिद्धान्त लागतात. सातवीतल्या मुलाला सालाचा आकडा पुरतो.

आता संशोधनाकडे येते. ‘रिसर्च प्रोजेक्ट’ म्हटलं की पालकांच्या अंगावर काटा येतो, कारण तो शेवटी रात्री अकरा वाजता आईच करत असते. माझी अट साधी होती. विषय घ्यायचा नाही. कादंबरीतलं एक वाक्य घ्यायचं आणि त्याची उलटतपासणी करायची.

एका मुलीने बापाच्या मृत्यूचं वाक्य घेतलं. कादंबरीत तो जहाजावर कॉलऱ्याने मरतो. ती जहाजं खरी होती. ब्रुकलिनजवळ वॉलबाउट बेमध्ये जुनी, मोडकळीला आलेली गलबतं नांगरून त्यांत कैदी कोंबायचे. ‘जर्सी’ त्यांतलं सगळ्यात कुप्रसिद्ध. रोज सकाळी पहारेकरी वरून ओरडायचा की मेलेले वर द्या. सगळ्या जहाजांवर मिळून 11 हजारांच्या आसपास कैदी मेले असं मानतात, म्हणजे लढायांत मेलेल्यांपेक्षा जास्त. मुलीने कैद्यांच्या आठवणी वाचल्या. तिला देवी सापडली, हगवण सापडली, ताप सापडले. मग तिने कॉलऱ्याचा इतिहास काढला, तर ती साथ 1817 साली बंगालमधून निघालेली आणि न्यूयॉर्कला पोचलेली थेट 1832 मध्ये! 1777 साली लाइफ मीकर तिने मरणार कसा? मी तिला एवढंच सांगितलं की जुन्या काळी ओकारी-हगवणीच्या कुठल्याही जोरदार दुखण्याला लोक कॉलरा म्हणत, तेव्हा लेखकांवर एकदम खटला भरू नकोस. तिने दोन्ही शक्यता लिहिल्या आणि निकाल दिला नाही. पूर्ण मार्क.

निकाल न देणं हे शिकवायला मी बॉस्टनचा गोळीबार घ्यायचे. 5 मार्च 1770, किंग स्ट्रीट, जमिनीवर बर्फ. जमाव आणि आठ शिपाई समोरासमोर, त्यांचा कप्तान प्रेस्टन. पाच माणसं मेली. गोळी घाला असं कुणी म्हटलं? शहराने नव्वदहून जास्त साक्षी गोळा करून छापल्या. प्रेस्टनवर खटला झाला तेव्हा काही साक्षीदार म्हणाले, हुकूम देणाऱ्याने अंगावर ओव्हरकोट घातला होता. काही म्हणाले, नाही, नुसता लाल गणवेश. प्रेस्टन ओव्हरकोटात नव्हता. मग ओव्हरकोटवाला कोण? वर्गात यावरून अक्षरशः भांडणं व्हायची. त्यात पॉल रेव्हिअरचं प्रसिद्ध चित्र पुढे ठेवलं, की कप्तान तलवार उगारून उभा आणि शिपाई कवायतीसारखे ओळीत. चित्र मुळात हेन्री पेलमचं, रेव्हिअरने उचललेलं, म्हणून पेलम चिडला होता. शिपायांचा वकील कोण होता ते सांगितलं की वर्ग गप्प व्हायचा. जॉन अ‍ॅडम्स, पुढे देशाचा दुसरा अध्यक्ष झालेला. प्रेस्टन सुटला, सहा शिपाई सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दल अंगठ्यावर डाग दिला गेला.

अमेरिकेत शाळेतल्या मुलांसाठी ‘नॅशनल हिस्टरी डे’ नावाची स्पर्धा असते. 1974 मध्ये क्लीव्हलंडला सुरू झाली, आता दरवर्षी पाच लाखांहून जास्त मुलं भाग घेतात. निबंध, प्रदर्शन, माहितीपट, नाट्यप्रवेश, संकेतस्थळ, काहीही करा, पण वापरलेल्या प्रत्येक साधनाखाली ते का वापरलं हे लिहावं लागतं. 2018 चा विषय ‘संघर्ष आणि तडजोड’ असा होता. स्पर्धेचे तोटेही आहेत. चकचकीत फलकाला बक्षीस मिळतं आणि खुस्पट काढणारं पोर मागे राहतं. पण साधनाला जाब विचारायची सवय लागते, ती मोठी गोष्ट. आमच्याकडचं एक मराठी पोर यॉर्कटाउनला शरण आलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या मागे लागलं, तर तो 1786 मध्ये कलकत्त्याला गव्हर्नर-जनरल होऊन आलेला आणि 1792 मध्ये श्रीरंगपट्टणपुढे हरिपंत फडक्यांच्या फौजेबरोबर उभा असलेला त्याला सापडला. आजोबांना फोन करून त्याने ते सांगितलं म्हणे.

मूळ रहिवाशांबाबत कादंबऱ्या तोकड्या पडतात हे मान्य करायला हवं. कूपरची ‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’ 1826 ची, आणि त्यातला ‘शेवटचा’ हाच मोठा घोटाळा, कारण मोहिकन लोक आजही आहेत. त्यापेक्षा कॅथरिन सेज्विकची 1827 ची ‘होप लेस्ली’ धीट. 1637 मध्ये मिस्टिकला इंग्रजांनी पीकॉट लोकांची वस्ती जाळून शेकडो माणसं मारली, ती हकिगत या पुस्तकात एक पीकॉट मुलगी सांगते. पण भाषा मुलांना झेपत नाही, दोन पानंच वाचून घ्यायचे.

सगळ्यात जास्त वेळ मात्र ‘चेन्स’ला जायचा. लॉरी हॉल्स अँडरसनची, 2008 ची. 1776 च्या न्यूयॉर्कमधली इझाबेल नावाची गुलाम मुलगी राजनिष्ठ मालकांच्या घरातली जमीन पुसते, आणि बाहेर शहरभर स्वातंत्र्याच्या गप्पा चाललेल्या असतात. जॉनी ट्रीमेनच्या बॉस्टनमध्ये ही मुलगी कुठे होती, हे मुलं आपणच विचारायची. तिच्यासारख्यांसाठी कोण कुणाच्या बाजूचं? व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डन्मोर याने 1775 च्या नोव्हेंबरात जाहीर केलं होतं की बंडखोरांचे जे गुलाम राजाकडून लढतील ते मुक्त. तेव्हा स्वातंत्र्य राजाच्या छावणीत होतं.

इथे एक वही हाती यायची. 1783 मध्ये इंग्रज न्यूयॉर्क सोडून निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर जाणाऱ्या सुमारे तीन हजार काळ्या माणसांची नोंद, त्या काळच्या भाषेत ‘बुक ऑफ नीग्रोज’. जहाज, कुठे जाणार, नाव, वय, वर्णन, पूर्वीचा मालक. ही वही मुक्तीची म्हणून लिहिलेलीच नाही. युद्ध संपवणाऱ्या तहात गुलाम नेऊ नयेत असं कलम होतं आणि वॉशिंग्टनने ती माणसं परत मागितली. इंग्रज सेनापती कार्लटन म्हणाला, दिलेला शब्द मोडणार नाही, हवं तर नोंद ठेवतो, भरपाईचं पुढे बघू. म्हणजे माणूस सुटला, पण मालाच्या यादीत चढून.

वहीत एक डेबोरा आहे. वय 20, अंगाने दणकट, चेहऱ्यावर देवीचे व्रण, पूर्वी जनरल वॉशिंग्टनची गुलाम, सुमारे चार वर्षांपूर्वी निघून आलेली. आता वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननचा कारभारी लंड वॉशिंग्टन याची यादी बघा. 1781 च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या ‘सॅव्हेज’ जहाजावर 17 जण पळाले, त्यांत डेबोरा, वय सुमारे 16. दोन वर्षांत ती चार वर्षांनी मोठी झाली, आणि पळाली तेही दोन वर्षं आधी! 30 नोव्हेंबर 1782 पूर्वी इंग्रजांकडे आलेल्यांनाच जाऊ देत होते, तेव्हा 1781 सांगितलं असतं तरी चाललं असतं. मग चार वर्षं का सांगितली? भीतीने? कारकून चुकला? कारभारी चुकला? मुलांनी या एका ओळीवर पानंच्या पानं लिहिली आहेत.

आणखी एकाची नोंद त्याच वहीत आहे, हॅरी वॉशिंग्टन, वय 43. तोही माउंट व्हर्ननमधला, पण सात वर्षं आधी पळालेला. तो कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला गेला. तिथे जमीन धड मिळेना आणि थंडी झेपेना, म्हणून 1792 मध्ये सुमारे बाराशे जणांबरोबर पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला. तिथली वसाहत चालवणाऱ्या इंग्रज कंपनीने जमिनीवर सारा लावला. त्या वादातून 1800 मध्ये वसाहतीत बंड झालं, त्यात हॅरी होता. जुना मालक आदल्याच डिसेंबरात वारलेला. बंड मोडलं, हॅरीला हद्दपार केलं.