ब्रेमेनचं वर्कशॉप आणि वाट चुकलेले दोन उपग्रह

युरोपात उपग्रह बांधणाऱ्या एअरबस किंवा थालेस अलेनिया या कंपन्यांची नावं तुम्ही ऐकलेली असतील. आज मी बोलणार आहे तेच काम करणाऱ्या ओएचबीबद्दल. ही ब्रेमेनची, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या एका बंदराच्या शहरातली कंपनी. मुळात ते ‘ओटो हायड्रॉलिक ब्रेमेन’ नावाचं छोटं वर्कशॉप होतं. लष्कराच्या जहाजांची हायड्रॉलिक आणि विजेची कामं करायचं. १९८१ मध्ये क्रिस्टा फुक्स या बाईंनी ते हातात घेतलं, तेव्हा कामाला माणसं होती पाच. त्यांचे पती मानफ्रेड अवकाश-अभियंते, एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर. १९८५ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि बायकोच्या वर्कशॉपमध्ये आले. आपल्याकडे नातेवाईकांनी काय काय ऐकवलं असतं, याची कल्पना करा!

मोठी उडी जर्मन लष्करामुळे मिळाली. ‘सार-लुपे’ हे पाच रडार टेहळणी उपग्रह ओएचबीने बांधले आणि २००६ ते २००८ दरम्यान ते रशियन रॉकेटवरून गेले. २००९ मध्ये त्यांनी मिलानची कार्लो गावाझ्झी स्पेस विकत घेतली. या कंपनीने बांधलेला ‘अजिले’ हा गॅमा किरण टिपणारा उपग्रह २००७ मध्ये आपल्याच पीएसएलव्हीने श्रीहरिकोट्याहून नेला होता.

मग जानेवारी २०१०. युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शन यंत्रणेसाठी चौदा उपग्रहांचं कंत्राट निघालं, किंमत ५६ कोटी ६० लाख युरो. समोर होती ॲस्ट्रियम, म्हणजे आजच्या एअरबसचा अवकाश विभाग. काम मिळालं ओएचबीला. गंमत अशी की उपग्रहातली दिशादर्शनाची उपकरणं बनवणारी इंग्लंडमधली सरे सॅटेलाइट ही त्यांची भागीदार, आणि तिची मालकी हरलेल्या ॲस्ट्रियमकडेच! युरोपच्या अवकाश उद्योगात हे नेहमीचं आहे. सकाळचा प्रतिस्पर्धी संध्याकाळी पुरवठादार असतो. पुढे आणखी दोन मागण्या आल्या आणि एकूण संख्या चौतीसवर गेली.

त्यातले पहिले दोन, दोरेसा आणि मिलेना. चित्रकला स्पर्धा जिंकलेल्या मुलींची ही नावं. २२ ऑगस्ट २०१४ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोयुझ रॉकेट उडालं. उड्डाण छान झालं, टाळ्याही वाजल्या. नंतर कळलं की उपग्रह भलत्याच कक्षेत आहेत. फ्रेगाट या रॉकेटच्या वरच्या टप्प्यात हायड्रॅझिन इंधनाची नळी अतिथंड हेलियमच्या नळीला फार जवळून बसवलेली होती. इंधन गोठलं, टप्प्याचा तोल गेला. हवी होती सुमारे २३,२०० किलोमीटर उंचीवरची गोल कक्षा, मिळाली लांबट. उपग्रहांचा यात काही दोष नव्हता.

त्यांच्याच इंधनावर कक्षा थोडी सावरली, तरी ती लांबटच राहिली. उंची दिवसातून दोनदा सुमारे साडेआठ हजार किलोमीटरने खाली-वर व्हायची. आणि आत होतं हायड्रोजन मेसर नावाचं अणुघड्याळ, तीस लाख वर्षांत एखाद्या सेकंदाने चुकणारं. आइन्स्टाइन सांगतो, गुरुत्वाकर्षण जितकं जास्त, तितकं घड्याळ संथ. गोल कक्षेत हा फरक कायम सारखाच राहतो. तो घड्याळाच्या स्वतःच्या चुकीपासून वेगळा काढणं अवघड. इथे तो दर फेरीला कमी-जास्त होत होता आणि मोजणी वर्षानुवर्षं चालू ठेवता येत होती. म्हणजे आइन्स्टाइनचं म्हणणं तपासायची ही आयती संधी. याआधीची सर्वोत्तम चाचणी अमेरिकेची, १९७६ ची. एक रॉकेट वर जाऊन जेमतेम दोन तासांत खाली आलं होतं. २०१८ मध्ये पॅरिस आणि ब्रेमेनच्या संशोधकांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे ती अचूकता काही पटींनी ओलांडली. आइन्स्टाइन बरोबर निघाला, हे वेगळं सांगायला नको.

कंत्राटांचं म्हणाल, तर २०२१ मध्ये गॅलिलिओच्या दुसऱ्या पिढीचे बारा उपग्रह एअरबस आणि थालेस अलेनिया यांच्यात सहा-सहा वाटले गेले. ओएचबी युरोपीय न्यायालयात गेली. २०२३ मध्ये तिचा दावा फेटाळला गेला. आता तुमचे प्रश्न घेऊ.