फायरमनला बॅटरी द्यायची तर

(दृश्य: रात्र. बंबाचा फिरता लाल दिवा. एक जवान गमबूट चढवतोय, कोटाच्या छातीवर बॅटरी अडकवतोय.)

निवेदन:

आग म्हटलं की डोळ्यांपुढं जाळ येतो. रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला उजेडच दिसतो. आत शिरणाऱ्या फायरमनला मात्र बऱ्याचदा काहीच दिसत नाही. वर्दीवर, म्हणजे मदतीची खबर आलेल्या जागी पोचलं की आधी त्या इमारतीची वीज तोडायची असते, म्हणजे दिवे गेले. वरून धूर. गादी, फोम, प्लॅस्टिक, वायरी जळायला लागल्या की धूर इतका दाट होतो की स्वतःचा पुढं केलेला हात दिसत नाही. एक हात भिंतीला, गुडघे जमिनीला आणि पाण्याचा होज न सोडता माणूस पुढं सरकतो. त्या अंधारात त्याच्याजवळ उजेड असतो तो छातीवरच्या किंवा हेल्मेटवरच्या एका बॅटरीचा.

(दृश्य: केशवराव भोसले नाट्यगृहाची जुनी छायाचित्रं. मग जळून गेलेलं छप्पर.)

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीची आदली रात्र. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासून कोल्हापूरच्या रंगभूमीचं घर असलेलं नाट्यगृह त्या रात्री पेटलं. शेजारीच खासबाग मैदान. रंगमंच गेला, छप्पर गेलं. बाहेर माणसं डोळ्यांत पाणी आणून उभी होती आणि त्या जाळाकडं तोंड करून पाणी मारणारे जवान हलत नव्हते.

त्याआधी २०१९ चा महापूर, त्यानंतर २०२१ चा. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शुक्रवार पेठेपासून शाहूपुरीपर्यंत घरांत पाणी, चिखली-आंबेवाडीत तर माणसं माळ्यावर आणि गच्चीवर. त्या पाण्यात बोट घालणाऱ्यांत अग्निशमन दलाची माणसं होती.

(दृश्य: पेठेतलं एक तरुण मंडळ. भिंतीवर तालमीचे जुने फोटो. सतरंजीवर बसलेली मुलं, मध्ये वही.)

या मंडळाचं ठरलं होतं की यंदा गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे फायर ब्रिगेडच्या जवानांसाठी खर्चायचे. आजवर आपण शाल, श्रीफळ, फेटा देत आलो. तो मान आहे आणि तो द्यावाच. पण कोणीतरी म्हणालं, की त्यांच्या हातात काहीतरी असं देऊया जे रात्री दोनच्या वर्दीला उपयोगी पडेल. बॅटरी देऊया.

कल्पना उत्तम. अडचण एवढीच, की बाजारात बॅटऱ्या शेकड्यानं आहेत आणि फायरमनच्या कामाच्या त्यांतल्या मोजक्याच.

(दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर बॅटऱ्यांच्या जाहिराती एकामागोमाग सरकतात.)

लुमेन हा आकडा पहिल्यांदा दिसतो. बॅटरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो, त्याचं ते माप. स्वस्त मालावर हा आकडा लाखाच्या घरात छापलेला असतो. त्यावर विश्वास ठेवू नये. हातात मावणाऱ्या आणि काही सेलवर चालणाऱ्या वस्तूतून एवढा उजेड निघत नाही, आणि क्षणभर निघालाच तरी ती तापून स्वतःच मंद होते.

त्याच्या शेजारी दुसरा एक आकडा शोधायचा. कॅन्डेला. उजेडाचा झोत मधोमध किती एकवटलेला आहे, ते यावरून कळतं. चांगल्या कंपन्या एफ-एल-वन नावाच्या मानकाप्रमाणं मोजून हे आकडे देतात. त्या मानकात झोताचं अंतर म्हणजे जिथं उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो तिथपर्यंतचं अंतर. दहा हजार कॅन्डेला असतील तर दोनशे मीटर, चाळीस हजार असतील तर चारशे. कॅन्डेला चौपट केले की अंतर दुप्पट होतं.

धुरात दोनशे मीटर कोणाला बघायचेत, असं वाटेल. बरोबर आहे, तिथं चार पावलांपुढचं दिसलं तरी पुष्कळ. पण चार पावलं दिसायलाही झोत एकवटलेलाच लागतो. का, ते कागदावर समजत नाही. म्हणून ही मुलं दुकानदाराकडून दोन बॅटऱ्या मागून घेऊन एका गुऱ्हाळावर गेली.

(दृश्य: पहाटेचा अंधार. गुऱ्हाळघर. काहिलीत रस उकळतोय, वाफ छपरापर्यंत. चुलवाणात चिपाड टाकणारा हात.)

हंगाम संपत आलेला. काहिलीवर वाफ इतकी, की पलीकडं उभा असलेला गुळव्या दिसत नाही, त्याचा आवाज तेवढा येतो. मुलांनी पहिली बॅटरी लावली. लुमेन भरपूर, काच रुंद, उजेड सगळीकडं पसरणारा. लावल्याबरोबर समोर पांढरी भिंत उभी राहिली. वाफेचा प्रत्येक थेंब चमकला आणि तो सगळा उजेड लावणाऱ्याच्याच डोळ्यांत परतला. मग दुसरी. तिचे लुमेन पहिलीच्या मानानं कितीतरी कमी, पण झोत बारीक, काठीसारखा सरळ. वाफेतून तो आरपार गेला आणि पलीकडच्या खांबावर हाताएवढं गोल उमटलं. खांबावर टांगलेली सायकलची ट्यूब दिसली. तिच्याखालची गुळाची ढेपही दिसली.

गगनबावड्याच्या घाटात धुक्यात गाडीचा अप्पर मारल्यावर काय होतं, हे ज्यानं अनुभवलंय त्याला हे लगेच पटेल.

(दृश्य: तोच गुऱ्हाळ. बॅटरी आधी कपाळापाशी, मग छातीपाशी धरलेली.)

इथंच आणखी एक गोष्ट बघता आली. तीच बारीक झोताची बॅटरी कपाळापाशी धरली की वाफेचा उजेड डोळ्यांत येतो. छातीपाशी आणली की समोरचं जास्त स्पष्ट. उजेड नजरेच्या रेषेतून जितका दूर, तितका परतून येणारा झगझगाट कमी. फायरमनच्या बॅटऱ्यांत इंग्रजी एल अक्षरासारखी, मान काटकोनात वळलेली एक जात असते, ती याचसाठी. मागची क्लिप कोटाला लावायची, अंग उभं राहतं आणि झोत समोर जातो. दोन्ही हात होजला मोकळे. अमेरिकेतल्या स्ट्रीमलाइट आणि पेलिकन या कंपन्यांनी या आकाराच्या बॅटऱ्या बनवल्या आहेत.

छातीवरच्या बॅटरीलाही मर्यादा आहे. माणूस रांगायला लागला की तिचा झोत जमिनीकडं जातो. तिथं हेल्मेटवरची छोटी बॅटरी कामाला येते, ती मान वळेल तिकडं बघते. काही हेल्मेट-बॅटऱ्यांना मागच्या बाजूला बारीक निळा दिवा असतो, मागून येणाऱ्या जोडीदाराला पुढचा माणूस कुठं आहे ते कळावं म्हणून. पैसे एकाच प्रकाराला पुरणार असतील तर मी काटकोनी बॅटरीच घेईन.

उजेडाच्या रंगाबद्दल दुकानात बरंच बोललं जातं. निळसर पांढरा उजेड धुराच्या बारीक कणांवरून जास्त विखुरतो, पिवळसर थोडा कमी. फरक खरा आहे, पण झोत रुंद असेल तर पिवळा रंग त्याला वाचवत नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. गॅसची शेगडी, खाली सिलिंडर. कॅमेरा हळूहळू फरशीकडं उतरतो.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जाहिरातीत सहसा न दिसणारं.

प्रत्येक वर्दी आगीची नसते. सिलिंडर गळतीचीही वर्दी येते. घरगुती गॅस हवेपेक्षा जड. तो वर उडून जात नाही, फरशीवर पसरतो, मोरीत आणि गटारीत उतरून बसतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण दोन टक्क्यांवर गेलं की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. घरात गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, असं आपल्याला सांगतात ते याच कारणानं. साध्या बॅटरीच्या बटणातही तशी ठिणगी पडू शकते. म्हणजे आपण प्रेमानं दिलेली वस्तू हातात घेऊन तो जवान त्या स्वयंपाकघरात शिरणार आणि अंधार आहे म्हणून बटण दाबणार.

म्हणून बॅटरी स्फोटक वायूच्या जागेत वापरायला प्रमाणित असली पाहिजे. अंगावर एटेक्स किंवा आयईसीईएक्स अशी खूण आणि ती कोणत्या झोनसाठी, म्हणजे गॅसचा धोका किती असलेल्या जागेसाठी चालते ते कोरलेलं असतं. आपल्याकडं स्फोटक वातावरणातल्या उपकरणांना मान्यता देणारी केंद्राची संस्था पेसो, तिचं मुख्य कार्यालय नागपूरला. दुकानदाराकडं प्रमाणपत्राची प्रत मागायची. नुसतं तोंडी ‘गॅसप्रूफ आहे’ म्हणाला तर दुसरं दुकान बघायचं. आणि ते प्रमाणपत्र ठरावीक सेल घातले तरच लागू असतं. भलते सेल घातले किंवा गॅसच्या जागी उभं राहून झाकण उघडलं तर त्याला अर्थ उरत नाही. भेट देताना हे तोंडानं सांगावं, चिठ्ठीवरही लिहावं.

अशी बॅटरी महाग पडते. काही हजार रुपये सहज जातात. पण दहा साध्या देण्यापेक्षा दोन अशा द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

(दृश्य: लक्ष्मीपुरीतलं दुकान. काउंटरवर बॅटऱ्या. एका मुलाच्या हातात जाड चामडी हातमोजे.)

या मंडळातला एक मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला. त्यानं दुकानात येताना स्वतःचे कामाचे हातमोजे आणले होते. ते घालून एकेक बॅटरी लावून बघितली. दोन तर लागल्याच नाहीत, बटण इतकं बारीक की बोट नेमकं कुठं आहे तेच कळेना. एक लागली, पण एका दाबात मंद, दुसऱ्या दाबात लुकलुक, तिसऱ्या दाबात पूर्ण. दुकानदार हौसेनं सांगत होता, साहेब, पाच मोड आहेत. तो मुलगा म्हणाला, “दादा, आम्हाला एकच पायजे. दाबलं की लागली पायजे.”

हीच कसोटी. मोठं, उठावदार बटण आणि पहिल्या दाबात पूर्ण उजेड. क्लिप पोलादी, घट्ट, हातमोज्यासकट ओढून बघायची. अंग टणक प्लॅस्टिकचं असलेलं बरं, कारण जळक्या घरात उघडी वायर कुठं लोंबत असेल सांगता येत नाही आणि प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. रंग पिवळा किंवा केशरी. काळी बॅटरी राखेत पडली की गेली. पडण्याची चाचणी किती मीटरवरून काँक्रीटवर केली आहे तेही खोक्यावर छापलेलं असतं, एक मीटर हे किमान.

पाण्याचा आकडा आयपीनं सुरू होतो. आयपी-६७ म्हणजे आत धूळ जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी बिघडत नाही. ६८ म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. आपल्या गावाला पूर माहीत आहे, तेव्हा ६७ च्या खाली उतरू नये. पाण्यात न बिघडणारी बॅटरी तरंगेलच असं नाही. बोटीवर वापरायची तर मनगटाला अडकवायची दोरी घ्या.

सेल की चार्जिंग, यावर मंडळात बराच वाद झाला. चार्जिंगची बॅटरी रोजच्या वापराला स्वस्त पडते, पण चार्जर बंबात किंवा स्टेशनात ठरल्या जागी बसवलेला असेल तरच. नाहीतर नेमकी गरजेच्या रात्री ती रिकामी असते. पेन्सिल सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. साधे अल्कलाइन सेल न वापरता महिनोन्महिने आत राहिले तर गळतात आणि स्प्रिंग खातात, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं. वाद मिटला तो स्टेशनवर जाऊन विचारल्यावर.

(दृश्य: अग्निशमन केंद्राचं दार. आत उभा लाल बंब. मुलं स्टेशन ऑफिसरशी बोलताहेत.)

खरं तर हे सगळ्यात आधी करायचं. स्टेशन ऑफिसरना भेटून विचारायचं, साहेब, तुमच्याकडं काय आहे, काय कमी पडतं, सेल कोणते वापरता. सगळ्या बॅटऱ्यांना एकच सेल लागले तर त्यांचा ताप वाचतो. दुसरं, महापालिकेच्या नोकरीत भेटवस्तू घ्यायचे नियम असतात. एकट्या जवानाच्या हातात महागाची वस्तू ठेवून त्याला अडचणीत आणू नका. मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्या, वस्तू केंद्राच्या नावानं द्या, म्हणजे ती साठा नोंदवहीत चढते आणि बदली झाली तरी बंबावर राहते.

तारीख निवडायची असेल तर १४ एप्रिल. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजावर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक परत आले नाहीत. देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्यापुढं आठवडाभर केंद्रांवर प्रात्यक्षिकं असतात. बाबासाहेबांची जयंतीही त्याच दिवशी, मिरवणुकीच्या बंदोबस्ताला बंब बाहेर असू शकतो. आधी फोन करून वेळ ठरवलेली बरी.

खोक्यात बिल ठेवा, वॉरंटीचं कार्ड ठेवा, प्रमाणपत्राची प्रत ठेवा, सेलचा एक जादा जोड ठेवा. मंडळाचं नाव घालायची इच्छा होणारच, पण अंगावर भोक पाडून किंवा खोल कोरून नको, आत पाणी शिरेल आणि गॅससाठीचं प्रमाणपत्रही जाईल. चिकटपट्टीवर लिहा.

आणि फोटो काढताना बंबाच्या पुढं रांग लावून उभे राहू नका. बाजूला उभे राहा, दार मोकळं ठेवा. वर्दी आली तर खोकं टेबलावर ठेवून निघा, बाकीचं बोलणं दुसऱ्या दिवशी.