बेलेमची सकाळ, कार्मोची संध्याकाळ

[दृश्य: टॅगस नदीचं रुंद पात्र, दूरवर लाल झुलता पूल, काठाला पांढऱ्या दगडाचा बुरूज]

निवेदन:

पोर्तुगालच्या राजधानीसमोर, लिस्बनसमोर पसरलेलं हे पाणी पाहून समुद्रच वाटतो, पण ही टॅगस नदी. खरा समुद्र इथून थोडा पश्चिमेला लागतो. ८ जुलै १४९७ या दिवशी वास्को द गामाची जहाजं याच काठावरून, लिस्बनच्या बेलेम भागातून सुटली आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात कालिकतला पोचली. त्यानंतर या शहराच्या वह्यांमध्ये आपली गावं लिहिली जाऊ लागली. गोवा, दाभोळ, चौल, वसई, दमण. त्यामुळे मराठी माणूस लिस्बनला आला की तो अगदीच परक्या गावी येत नाही. जुना, न मिटलेला हिशेब घेऊनच येतो.

हाती एकच दिवस असेल तर सुरुवात बेलेमपासून करावी, असं माझं ठाम मत आहे. तेही सकाळी लवकर, पर्यटकांच्या बसेस यायच्या आत.

[दृश्य: बेलेमचा बुरूज, कॅमेरा हळूहळू एका कोपऱ्यातल्या पहारा-चौकीच्या बुडाशी जातो]

हा बुरूज १५१४ मध्ये बांधायला घेतला. बहुतेक लोक पुलावरून एक फोटो काढतात आणि वळतात. मी एकटी आहे. घाई करणारं सोबत कोणी नाही, त्यामुळे मी बुरुजाला वळसा घालून पश्चिमेच्या अंगाला येते. वायव्य कोपऱ्यातली पहारा-चौकी दिसते? तिच्याखाली, जिथे दगड भिंतीतून पुढे येतो, तिथे एक डोकं कोरलेलं आहे. पावसावाऱ्यानं झिजलंय, नाकाचा आकार जवळजवळ गेलाय, पण नीट बघा. गेंडा आहे.

हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह यानं तो पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्कला भेट दिला. आल्बुकेर्कनं नुकताच, १५१० मध्ये, गोवा जिंकला होता. त्यानं तो जनावराच्या भारतीय राखणदारासकट जहाजावर चढवला आणि राजाला नजर म्हणून पाठवला. मे १५१५ मध्ये गेंडा इथे उतरला, तेव्हा या बुरुजाचं काम चालू होतं. युरोपात रोमन काळानंतर जिवंत गेंडा कोणी पाहिला नव्हता. राजा मानुएलनं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळून गेला. पुढे राजानं तो पोपला भेट म्हणून रवाना केला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि साखळदंडात बांधलेला गेंडा बुडाला. जर्मन चित्रकार ड्यूररनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं. कोणीतरी पाठवलेल्या वर्णनावरून त्यानं लाकडी ठसा कोरला आणि तेच चित्र युरोपभर गेलं. मला मात्र चित्रापेक्षा हे झिजलेलं डोकं जवळचं वाटतं. ते कोरणाऱ्या पाथरवटानं बहुधा तो प्राणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असावा.

[दृश्य: जेरोनिमोश मठ, दगडात कोरलेले दोरखंड, गाठी, पोवळी]

चालत दहा-पंधरा मिनिटांवर जेरोनिमोश मठ. १५०१ च्या सुमारास काम सुरू झालं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं चाललं. खर्चाला पैसा कुठून आला, हे इथे कोणी लपवत नाही. आफ्रिका आणि पूर्वेच्या व्यापारावर ५ टक्के कर बसवला आणि तो मठाकडे वळवला. खांबांकडे बघा. दगडात जहाजाचे दोर वळलेत, त्यांना गाठी मारल्यात, मधूनच पोवळी फुटलीत. इतकं कोवळं काम मी दगडात फार कमी वेळा पाहिलंय.

आणि हे सौंदर्य बघतानाच एक तारीख आठवते. १५०८ चा डिसेंबर सरत असताना पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाच्या आरमारानं आपलं दाभोळ लुटलं आणि जाळलं. इथे या मठाचे चिरे चढत होते, तेव्हाच.

[दृश्य: चर्चच्या आत, वास्को द गामाची समाधी]

चर्चमध्ये शिरताच एका बाजूला वास्को द गामा आणि दुसऱ्या बाजूला कवी कामोंइश. कामोंइशनं काही वर्षं गोव्यात काढली होती. गामा तर वारला कोचीला, १५२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी. आधी तिथेच पुरला, नंतर अस्थी पोर्तुगालला आल्या आणि १८८० मध्ये या मठात. दगडी गामा हात जोडून झोपलाय. चेहरा शांत. शाळेच्या पुस्तकात आपण त्याची एकच ओळ पाठ केली, भारताचा सागरी मार्ग. पण १५०२ च्या दुसऱ्या सफरीत मलबारच्या किनाऱ्याजवळ यानंच मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज बायकामुलांसकट जाळलं. समाधीपाशी उभं राहताना हेही माहीत असायला हवं. मी इथे फुलं वाहणाऱ्यांना नावं ठेवत नाही. मला फक्त ते जहाज विसरायचं नाही.

[दृश्य: दुकानाबाहेरची रांग, कागदी वेष्टनातून निघणारे गरम पास्तेल]

मठाशेजारी १८३७ पासून पास्तेल मिळतात. अंड्याच्या पिवळ्या बलकाचं, वरून करपट डाग पडलेलं, कुरकुरीत पापुद्र्यांचं. १८३४ मध्ये सरकारनं मठ बंद केले आणि आतली कृती बाहेर आली. वर दालचिनीची पूड भुरभुरून गरम असतानाच खायचं. बसायला जागा शोधू नका, गल्ल्यापाशी उभ्यानं कॉफीबरोबर खाल्लं तर एकटं असल्याचं जाणवतही नाही. सगळेच उभे असतात.

[दृश्य: ट्राम क्रमांक १५, खिडकीतून नदी. पुढे मोठा चौक, घोड्यावरचा राजा]

ट्रामनं शहराच्या मध्यात येते. नदीकडे उघडा असलेला हा विस्तीर्ण चौक, तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती. नाव 'प्रासा दु कोमेर्सियू', व्यापाराचा चौक. पण जुने लिस्बनकर याला अजून राजवाड्याचं अंगण म्हणतात. राजवाडा आता नाही.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, शनिवार. सकाळचे साडेनऊ उलटून गेलेले. चर्चेस माणसांनी भरलेली, वेदीवर मेणबत्त्या. जमीन हलली आणि कित्येक मिनिटं हलतच राहिली. छतं माणसांवर आली. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी, इथेच धावले. नदी आधी मागे हटली, तळ उघडा पडला, आणि मग लाटा आल्या. उलथलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लावली. ती पाच-सहा दिवस जळत होती. राजवाडा गेला, त्यातलं सत्तर हजार ग्रंथांचं ग्रंथालय गेलं, त्याच वसंतात उघडलेलं नवं ऑपेराघर गेलं. भारताचा व्यापार सांभाळणाऱ्या 'कासा दा इंडिया'ची दप्तरंही गेली. म्हणजे आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाचे कितीतरी कागद या चौकात राख झाले. संशोधकांना ती पोकळी अजून जाणवते.

राजा पहिला जोझे वाचला, पण त्यानं इतकी धास्ती घेतली की दगडी छपराखाली पुन्हा राहायला तयार झाला नाही. आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाडा बांधून राहिला. शहर उभं केलं ते त्याच्या मंत्र्यानं. पुढे तो मार्केस द पोंबाल म्हणून ओळखला गेला.

[दृश्य: बायशा भागातले सरळ रस्ते, एकसारख्या खिडक्या, वरून दिसणारी आखणी]

या रस्त्यांतून चालताना इमारती एकसुरी वाटतात. खरी करामत भिंतींच्या आत आहे. प्रत्येक घराच्या पोटात लाकडी सांगाडा, चौकटीत फुलीसारख्या आडव्यातिडव्या तुळया, आणि मग त्यात दगड-विटा भरलेल्या. धक्का बसला तर लाकूड वाकेल, घर कोसळणार नाही, असा विचार. पोर्तुगीज लोक त्याला पिंजरा म्हणतात. त्याचा नमुना उभारून, भोवती सैनिकांना पाय आपटत चालवून परीक्षा घेतली, असं सांगतात. भूकंपाचा विचार करून शहर बांधण्याचे युरोपातले हे अगदी सुरुवातीचे प्रयत्न. लातूर-किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनी पाहिला, त्यांना या पिंजऱ्याचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

[दृश्य: ट्राम क्रमांक २८ चढण चढते, आल्फामाच्या गल्ल्या, वाळत घातलेले कपडे]

दुपार आल्फामाला द्यावी. भूकंपातून बरीचशी वाचलेली ही जुनी वस्ती. पिवळी २८ नंबरची ट्राम घरांच्या इतक्या जवळून जाते की हात काढला तर भिंतीला लागेल. गर्दी असते, खिसेकापूही असतात. पिशवी पोटाशी धरा. फरसबंदीचे छोटे चुनखडीचे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, बुटांचा तळ चांगला हवा.

सांता लुझियाच्या सज्जावर थांबा. चर्चच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरश्यांत मघाचाच चौक रंगवलाय, पण भूकंपाआधीचा, राजवाड्यासकट. असंच निळं काम ज्यांना घराजवळ बघायचं असेल त्यांनी पणजीला मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात जावं.

[दृश्य: साव दोमिंगुश चर्च, जळून तडकलेले खांब. बाहेर दगडी स्मारक]

खाली उतरून रोसियू चौकात येते. चौकाच्या टोकाला जे देखणं नाट्यगृह आहे, त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. धर्मन्यायालय म्हणायचं, काम छळाचं. त्याचीच शाखा १५६० मध्ये गोव्यात निघाली आणि मध्ये थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालली. गोव्यातली माणसं देव घेऊन नदीपलीकडे पळाली, ती याच दहशतीच्या काळात.

बाजूच्या छोट्या चौकात १५०६ मध्ये बळजबरीनं बाटवलेल्या ज्यूंची कत्तल झाली. २००८ मध्ये शहरानं तिथे स्मारक उभारलं, पाचशे वर्षांनी का होईना. शेजारच्या चर्चला १९५९ मध्ये आग लागली होती. दुरुस्तीत छत नवं घातलं, पण तडकलेले, जळके खांब तसेच ठेवले. लिस्बनचा हा गुण मला मनापासून आवडतो. आपली जखम गिलावा करून झाकत नाहीत. समुद्रापलीकडे आपण केलेल्या जखमांचं असंच ठसठशीत स्मारक इथल्या एखाद्या मोठ्या चौकात व्हावं, असं वाटल्याशिवाय मात्र राहत नाही.

[दृश्य: कार्मो मठ, आकाशाखाली उघड्या कमानी, कलती ऊन्हं]

कार्मोला संध्याकाळी यायचं. १३८९ मध्ये स्थापन झालेला हा मठ १७५५ मध्ये कोसळला, आणि मुख्य दालनाचं छत पुन्हा कधीच घातलं गेलं नाही. टोकदार कमानींच्या फासळ्या उरल्यात, वर थेट आकाश, पायाखाली हिरवळ. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चेस पाहिलेल्या माणसाला इथे ओळखीचं वाटेल. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये, आणि सोळा वर्षांनी हे छत पडलं.

पण मी इथे येते ती बाहेरच्या चौकासाठी. २५ एप्रिल १९७४. हुकूमशहा कायतानो या चौकातल्या सैनिकी ठाण्यात लपला होता. बाहेर तरुण कॅप्टन साल्गेइरो माया आपल्या गाड्या घेऊन उभा, भोवती हजारो माणसं, बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची लाल फुलं. संध्याकाळी कायतानोनं सत्ता सोडली. दोन दिवसांच्या आत लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगाची दारं राजकीय कैद्यांसाठी उघडली.

त्याच काशियासमध्ये आपले मोहन रानडे होते. सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले, १९५५ मध्ये बेती पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेलेले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, रानडे मात्र सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचं रान केलं, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले.

कार्मोतल्या त्या संध्याकाळनंतर पोर्तुगालची भूमिका बदलली. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा-नगरहवेली भारताचे आहेत, हे पोर्तुगालनं मान्य केलं. त्यांच्या बाजूनं सही परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेश यांची. आपल्या बाजूनं परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांची. देवराष्ट्रे गावच्या मुलाची.

रात्री आल्फामात फादो, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं, ऐकायला जरूर जा. गाणं सुरू झालं की काटे-चमच्यांचा आवाजही थांबतो.

निघण्याआधी वार तेवढा तपासा. जेरोनिमोश सोमवारी बंद असतो, कार्मो रविवारी. मधल्या कुठल्याही दिवशी या, पण क्रम बदलू नका. आधी गामाची समाधी, मग कार्मोचा चौक.