आधी पत्रपेटीवर दोघांची नावं लावा

(जर्मनीला कामासाठी निघालेल्या तरुणांपुढे पुण्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासूनची भगिनी शहरं. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. आज समोर इंजिनियर आहेत, तशाच नर्सिंग झालेल्या मुली आणि आयटीआय झालेली मुलंही आहेत, याचा मला फार आनंद वाटतो. कंपनीत काय करायचं ते तुम्हाला कंपनी शिकवेल. मला बोलायचंय ते तुमच्याबरोबर, किंवा तुमच्या मागून, येणाऱ्या माणसाबद्दल. नवरा असो की बायको.

मी स्वतः नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेले. तिथल्या मराठी घरांत मी इतकी वर्षं एकच गोष्ट बघते आहे: ज्याची नोकरी असते तो आपोआप रुळतो. त्याला सकाळी जायला जागा असते, जेवायला सोबत असते, अडलं तर विचारायला सहकारी असतो. घरी राहणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. आणि दोन-तीन वर्षांनी एखादं कुटुंब परत येतं, तेव्हा कारण ऑफिसात क्वचितच सापडतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक काम दोघांच्या नावाने करा.

पहिलं काम पत्त्याची नोंदणी, आन्मेल्डुंग. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत ती करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र हवं. तात्पुरतं घर घेताना हे पत्र मिळणार का, ते पैसे भरण्याआधी विचारा. सगळं पुढचं याच कागदावर उभं आहे. त्यानंतर अकरा अंकी कर क्रमांक टपालाने येतो. आता नीट ऐका: पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, कारण बहुतेक इमारतींत तो नसतोच. तो पत्रपेटीवरचं नाव बघतो. आपल्याकडे अनेक बायका माहेरचं आडनाव ठेवतात. पेटीवर एकच आडनाव असेल तर दुसऱ्याची पत्रं परत जातात. विमा कार्ड, भाषावर्गाचं पत्र, निवास परवान्याच्या कार्यालयाची तारीख, सगळं टपालानेच येतं. त्यामुळे दोन्ही नावं पेटीवर आणि बेलवर, पहिल्याच दिवशी.

घराचं थोडक्यात सांगते. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी, म्हणजे पाणी-हीटिंगचा खर्च सोडून उरणाऱ्या भाड्याइतकी असते. अनेक घरांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती नळजोडणी. ओटा, कपाटं, शेगडी आपण आणायची. ते पैसे वेगळे काढून ठेवा.

आरोग्यविमा सरकारी योजनेत घेतलात तर कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता त्यात येतात. मग दोघांसाठीही लगेच फॅमिली डॉक्टर गाठा. आजारी पडल्यावर नवा डॉक्टर शोधणं फार जड जातं, कारण पुष्कळ ठिकाणी नवे पेशंट घेतच नाहीत.

आता भाषेकडे येते. इथे मला जास्त वेळ लागणार आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर, जाणाऱ्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नाही. तिथे पोचल्यावर नोकरी करायलाही पूर्ण मुभा आहे. ऐकायला ही सवलत छान वाटते. पण त्या सवलतीमुळेच शिकलेली, इथे कमावती असलेली मुलगी जर्मनचा एक शब्द न येता तिकडे पोचते, आणि मग मुभा कागदावरच राहते. अट नसली तरी इथूनच ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पायरी, करून जा. तिथे बाहेरून आलेल्यांसाठी सरकारी एकात्मता अभ्यासक्रम आहे, त्यात साधारण ६०० तासिका भाषेच्या असतात. गावोगावी फोल्क्सहोखशूलंही आहेत, म्हणजे प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शाळा. नाव पहिल्या महिन्यात घाला, मूल लहान असेल तर पाळणाघराच्या प्रतीक्षायादीतही त्याच आठवड्यात नाव घाला.

पदवीचंही तसंच. सॉफ्टवेअरवाल्याला मान्यतेची सक्ती नाही. पण नर्स, फिजिओथेरपिस्ट, दंतवैद्य, शिक्षक यांना पदवीची मान्यता घेतल्याशिवाय त्या नावाने काम करता येत नाही. त्यासाठी नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. कोणत्या विषयाचे किती तास शिकलात, किती तास प्रात्यक्षिक केलंत, ते कॉलेजच्या शिक्क्यासह लागतं. हे कागद इथे असतानाच काढा. तिथून फोन करून कॉलेजच्या कार्यालयातून ते मिळवताना माणसं रडकुंडीला येतात, हे मी पाहिलंय.

आणि शेजारी. श्टुटगार्टच्या भागात एक जुनी पद्धत आहे, केअरवोखे. जिना, दारापुढचा रस्ता झाडायची आठवड्याची पाळी. कधी दारावर पाटी लटकते, ती लटकली की पाळी आपली. आपल्या लोकांना आधी राग येतो, भाडं भरूनही झाडू का मारायचा म्हणून. मला मात्र ही पाळी फार मोलाची वाटते. जिन्यात उभं राहून दोन वाक्यं बोलायला तेवढं निमित्त पुरतं, आणि वर्गात शिकलेली भाषा तिथेच पहिल्यांदा तोंडात बसते. ही पाळी नोकरीवाल्याने एकट्याने उरकू नये. रात्री दहानंतर आणि रविवारी मात्र मिक्सर, ड्रिल बंद. रविवारी दुकानंही बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणा.

आणखी एक. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारासच अंधार पडू लागतो. नोकरीची तारीख आपल्या हातात नसते, पण जोडीदाराचं तिकीट असतं. ते मार्च-एप्रिलचं काढा. बाहेर पडावंसं वाटेल, बागेत माणसं भेटतील, आणि हिवाळा येईपर्यंत वर्गातल्या दोघी-तिघी ओळखीच्या झालेल्या असतील.

आता तुमचे प्रश्न घेते. नर्सिंगच्या मुलींनी आधी विचारा, तुमच्या कागदांना सगळ्यांत जास्त वेळ लागतो.