फुरसुंगीचा बन्या उपवनला

ठाण्यातलं उपवन तळं, सकाळचे सहा वाजून गेलेत. मागे येऊरचा डोंगर, पाण्यावर थोडंसं धुकं, आणि जुनी सायकल हातात धरून उभा असलेला हा काडीपैलवान मुलगा. नौपाड्यात राहतो, दहावीला आहे, पण आज तो बनेश फेणे. म्हणजे आपला फास्टर फेणे, भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला साहसी शाळकरी पोरगा.

या पोरांनी त्याच्यावर फिल्म काढलीय, तिचा पाचवा टेक चाललाय. सायकल नीट जमली, पळणं जमलं, अडलंय एका आवाजावर. ट्टॉक! जीभ टाळूला लावून बन्या काढतो तो. ऐका... नाही, हा नुसता टॉक झाला. भा. रा. भागवतांनी दोन ट लिहिलेत आणि दोन्ही ऐकू आले पाहिजेत असं डायरेक्टरचं म्हणणं आहे, डायरेक्टर म्हणजे ती कॅमेऱ्याशेजारची बारावीतली मुलगी, आणि तिचं अगदी बरोबर आहे.

हे मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाणे. १८९३ सालचं. शूटिंगच्या आधी दोन महिने ही पोरं दर शनिवारी इथे बसायची, भागवतांची फास्टर फेणेची पुस्तकं एकामागून एक वाचायची आणि या वहीत लिहून काढायची. वही जवळून बघा. डाव्या पानावर 'बदललं तरी चालेल', उजव्या पानावर 'हात लावायचा नाही'. डावीकडे मोबाईल आहे, कपडे आहेत, पुण्याऐवजी ठाणे आहे. उजवीकडे ट्टॉक, सायकल, कुणावर अन्याय दिसला की विचार न करता उडी घेणं, आणि फुरसुंगी, त्याचं पुण्याजवळचं गाव. बन्या ठाण्यात आला तरी फुरसुंगीचाच राहणार, यावर म्हणे एक अख्खी दुपार भांडण झालं.

मला ही वही फार महत्त्वाची वाटते. कारण पात्र पडद्यावर आणताना मोठमोठी माणसंही आधी हेच ठरवतात, किंवा ठरवायला विसरतात. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने शाळकरी बन्या केला. मग २०१७ला आदित्य सरपोतदारच्या सिनेमात अमेय वाघ आला, इथे बन्या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला, वयाने मोठा, गुन्हाही मोठा. शाळा गेली, अर्धी चड्डी गेली, पण ट्टॉक राहिला, नको तिथे नाक खुपसायची खोड राहिली, आणि खुद्द भागवतांनाच त्यांनी सिनेमातलं पात्र केलं, दिलीप प्रभावळकरांनी ते केलं. वय बदलूनही तो बन्याच वाटतो तो यामुळे.

हेच प्रभावळकर 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू होते, मरताना मंत्र म्हणून बाहुल्यात शिरणारा गुंड. १९९३चा सिनेमा. रामदास पाध्यांनी केलेला तो बाहुला आणि त्याचे नियम आमच्या पिढीला पाठ आहेत: मंत्र कुठला, मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमध, आणि ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं त्याच्याच शरीरात शिरता येतं, म्हणजे लक्ष्याच्या. आता दुसरा भाग आला २०१३ला, लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे २००४मध्येच गेले होते. महेश कोठारेंनी काय केलं, तर नियम मोडला नाही, तोच पुढे नेला, लक्ष्या नाही तर त्याचा मुलगा. ओढूनताणून वाटेल कुणाला, मला नाही वाटत, प्रेक्षकाला जे सांगून ठेवलंय ते आठवणीत ठेवणं हा त्याचा मान आहे.

हा कॅमेरावाला कळव्याचा, स्टार वॉर्सचा भक्त. त्याने वेगळीच जखम सांगितली: २०१४मध्ये स्टार वॉर्सचे सिनेमे काढणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने एका घोषणेत कित्येक वर्षांच्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स मूळ कथेच्या बाहेर काढून 'लेजंड्स' या नावाखाली ठेवल्या. पुस्तकं दुकानात राहिली, पण त्यातलं खरं मानायचं की नाही ते वाचणाऱ्यावर आलं. म्हणून वहीचं उजवं पान तोच सांभाळतो.

भागवत २००१मध्ये गेले, त्यामुळे कॉपीराइट २०६१ संपेपर्यंत आहे आणि परवानगीशिवाय ही फिल्म यूट्यूबवर टाकता येणार नाही, पत्र पाठवलंय.

परत तळ्यावर येऊ. ऊन चढलंय, फिरायला आलेले आजोबा बाकावर बसून बघतायत, मुलाने पाणी प्यायलं, सायकलची चेन बसवली. नववा टेक.

ट्टॉक!

आले. दोन्ही ट आले. डायरेक्टर कट म्हणायचं विसरलीय, सायकल येऊरच्या रस्त्याला लागलीय आणि कॅमेरा अजून चालू आहे.