ती सर्चची पट्टी कोणी ठेवली?

आत्ता सगळ्यांनी खिशातून फोन काढा बरं. होम स्क्रीनवर ती गुगल सर्चची पट्टी दिसतेय ना, ती तिथे स्वतः कोणी कोणी ठेवलीय? एकही हात वर नाही. फोन डब्यातून काढला तेव्हा ती होतीच, आणि आपण कधी विचारलंही नाही की ही इथे आली कशी.

गुगल मोनोपॉली, म्हणजे मक्तेदारी, आहे का म्हटलं की लोक लगेच म्हणतात अहो फुकट आहे, चांगलं आहे, नको तर दुसरं वापरा, कोणी हात धरलाय का तुमचा? 5 ऑगस्ट 2024 ला अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहतांनी निकाल दिला, त्यात गुगलचं सर्च चांगलं आहे हे त्यांनी मान्यच केलंय, पण गुगल मोनोपॉलिस्ट आहे आणि मोनोपॉली टिकवायला तसंच वागलंय हेही स्वच्छ लिहिलंय. मोठं असणं हा गुन्हा नाहीच हो, मोठं राहायला काय केलं ते बघायचं. 2021 मध्ये गुगलने डीफॉल्टच्या, म्हणजे फोनवर आधीपासूनच लावलेल्या सर्चच्या, जागेसाठी 26.3 अब्ज डॉलर वाटले, 2022 मध्ये एकट्या ॲपलला 20 अब्ज. लोक आपणहून येणारच असतील तर दारातली जागा अडवायला एवढे पैसे कशाला मोजायचे?

आणि मला सगळ्यात जास्त हलवलं ते वेगळंच. 2020 मध्ये गुगलने स्वतःच तपासून बघितलं की सर्चचा दर्जा बराच खाली आणला तर काय होईल, आणि उत्तर आलं की कमाई घटणार नाही. म्हणजे बघा, कोपऱ्यावरच्या वाण्याने नासका तांदूळ विकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पलीकडे जातं, त्याला ती भीती असते म्हणून तो तांदूळ निवडून ठेवतो. ती भीतीच संपली, तर मोनोपॉली अजून काय वेगळी असते?

आपल्याकडे 20 ऑक्टोबर 2022 ला सीसीआयने, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाने, अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला 1,337.76 कोटींचा दंड लावला. फोन बनवणाऱ्या कंपन्यांना गुगलची अट होती, प्ले स्टोअर हवं तर बाकीची ॲप्सही घ्या, आणि ती काढता येणार नाहीत. इथे कोणी शेतकरी असतील तर त्यांना समजावून सांगायची गरजच नाही, डीएपी खत मागायला गेलं की दुकानदार म्हणतो सोबत ही बाटलीपण घ्या, त्याला आपण लिंकिंग म्हणतो आणि तक्रार करतो. हेही लिंकिंगच.

सप्टेंबर 2025 मध्ये मेहतांनी उपाय सांगितले, गुगलला त्यांचा क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही, फक्त आमचंच ठेवा असे करार बंद केले, पण जागेचे पैसे द्यायची मुभा तशीच ठेवली. मला हे अजिबात पुरेसं वाटत नाही, कारण उद्या पुण्यातल्या एखाद्या पोरीने याहून सरस सर्च बनवलं तरी त्या पट्टीच्या जागेसाठी 20 अब्ज डॉलर ती कुठून आणणार?